जुनी फेल्ट हॅट: निवडावी कशी, मागवावी कशी, घालावी कशी

१९३० ते १९६० या काळात अमेरिकेत आणि युरोपात पुरुषांसाठी तयार झालेल्या फेल्टच्या (लव किंवा लोकर दाबून घट्ट केलेल्या कापडाच्या) हॅट्स आजही चांगल्या स्थितीत मिळतात, आणि त्यांतल्या पुष्कळशा पुन्हा नेमाने वापरता येतात. त्या काळी तिथला शहरी पुरुष हॅटवाचून सहसा घराबाहेर पडत नसे, त्यामुळे हॅट्सचे उत्पादन प्रचंड होते. आणि ससा किंवा बीव्हर (पाण्याकाठी राहणारा एक कुरतडणारा प्राणी) यांच्या लवीपासून बनवलेले त्या वेळचे फेल्ट इतके घट्ट व मऊ असे की तशा दर्जाची नवी हॅट आज घेऊ गेल्यास जुनीपेक्षा पुष्कळदा महागच पडते. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची हॅटमधली छायाचित्रे किंवा भगतसिंगांचे सर्वपरिचित छायाचित्र पाहून या छंदाकडे वळणारे वाचक असतात. त्यांना पहिल्या खरेदीत नाहक भुर्दंड पडू नये, एवढ्यासाठी ही माहिती क्रमवार लिहिली आहे.

पुढील सर्व पायऱ्यांमागे एकच क्रम आहे: आधी माप, मग स्थिती, आणि आतल्या चामड्याच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत छापलेले कंपनीचे नाव सर्वांत शेवटी. नवा संग्राहक बहुधा हा क्रम उलटा लावतो आणि न बसणारी, कसरीने खाल्लेली, पण नामांकित हॅट विकत घेतो.

१. आधी मर्यादा आखून घ्या

जुन्या हॅट्सचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाची निगा वेगळी असते. फेडोरा ही मऊ फेल्टची, माथ्यावर लांब खाच आणि पुढच्या बाजूला दोन्हीकडून चिमटा असलेली हॅट. ट्रिल्बीचा काठ तिच्याहून अरुंद, पुढे खाली आणि मागे वर वळलेला असतो. होम्बर्गचा काठ चहूबाजूंनी वर वळवून फितीने बांधलेला असतो आणि माथ्यावर एकच खोल खाच असते. जर्मनीतील बाड होम्बुर्ग येथे पाहिलेली ही हॅट पुढे सातवे एडवर्ड झालेल्या ब्रिटिश युवराजांनी रूढ केली. बोलर ही घुमटाकार कडक हॅट. ती १८४९ साली लंडनच्या लॉक अँड कंपनीने एडवर्ड कोक यांच्यासाठी बनवून घेतली, कारण त्यांच्या जंगलराख्यांच्या उंच टोप्या फांद्यांना अडकून पडत. हिला कडकपणा येतो तो लाखेने, आणि ती लाख मोठ्या प्रमाणावर आपल्याच देशातून जात असे. रेशमी टॉप हॅट, इक्वेडोरमध्ये तोकिया या ताडासारख्या झाडाच्या पानांपासून विणली जाणारी पनामा, सपाट माथ्याची बोटर आणि बंगालात शोल्याच्या भेंडापासून होणारी सोला हॅट हे आणखी वेगळे विषय आहेत.

सुरुवात मऊ फेल्टच्या फेडोरा, ट्रिल्बी किंवा होम्बर्गपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मऊ फेल्टला वाफ देऊन आकार बदलता येतो, थोडे माप जुळवून घेता येते, आणि एखादी चूक झाली तरी ती बहुधा सुधारता येते. बोलर आणि टॉप हॅट यांचा साचा कडक असल्यामुळे त्या डोक्याच्या नेमक्या आकाराला बसल्या नाहीत तर कपाळावर रुततात आणि कानशिलांजवळ पोकळी राहते. शिवाय त्यांतील लाख उन्हाळ्यातल्या बंद मोटारीच्या उष्णतेने मऊ होऊन आकार बिघडण्याचा धोका असतो. रेशमी टॉप हॅटसाठी लागणारे मखमली रेशीम तर आता विणलेच जात नाही, त्यामुळे मोठ्या मापाच्या जुन्या टॉप हॅटची किंमत नवख्याने घेण्यासारखी राहिलेली नाही.

२. डोके मोजा, आणि डोक्याचा आकारही पाहा

शिंप्याकडची कापडी टेप घ्यावी. ती कपाळावर, भुवयांच्या साधारण बोटभर वर, कानांच्या किंचित वरून आणि मागच्या उंचवट्यावरून सपाट फिरवावी. हॅट जिथे प्रत्यक्ष बसणार आहे तिथेच टेप असली पाहिजे. ओढून घट्ट करू नये. केस कापल्यानंतर आणि वाढल्यावर अशी दोन्ही वेळा मोजणी करावी, कारण दाट केसांमुळे पडणारा फरक लक्षात येण्याइतका असतो.

आता सेंटिमीटरचे रूपांतर. अमेरिकी मापांत ७ म्हणजे ५६ सेंटिमीटर, ७ १/८ म्हणजे ५७, ७ १/४ म्हणजे ५८, ७ ३/८ म्हणजे ५९, ७ १/२ म्हणजे ६० आणि ७ ५/८ म्हणजे ६१. थोडक्यात, एक अष्टमांशाची पायरी सुमारे एका सेंटिमीटरची असते. ब्रिटिश माप मात्र अमेरिकी मापापेक्षा एक अष्टमांशाने कमी लिहिले जाते: ५८ सेंटिमीटरची हॅट अमेरिकेत ७ १/४, तर इंग्लंडमध्ये ७ १/८ असते. अमेरिकी सव्वासात घालणाऱ्याने इंग्लिश सव्वासात मागवली, तर ती एक पायरी सैल होते. इटली, जर्मनी, ऑस्ट्रिया इथल्या हॅट्सवर बहुधा थेट सेंटिमीटरच लिहिलेले असतात.

दुसरा, आणि अधिक फसवा सापळा म्हणजे आटणे. घाम, पाऊस आणि वर्षानुवर्षांचा कोरडेपणा यांमुळे आतली चामड्याची पट्टी आटते आणि तिच्याबरोबर फेल्टही आत ओढले जाते, म्हणून आतल्या कागदी चिठ्ठीवर ७ ३/८ लिहिलेली हॅट प्रत्यक्षात ७ १/४ भरू शकते. विक्रेत्याकडून चिठ्ठीवरचा आकडा घेऊन थांबू नये. पट्टीच्या आतून टेप फिरवून घेतलेले सेंटिमीटरमधील माप आणि त्या मोजणीचे छायाचित्र मागावे. थोडी सैल हॅट पट्टीच्या मागे फेल्टची किंवा फोमची बारीक पट्टी सरकवून सहज जुळवता येते. घट्ट हॅट ताणायला गेल्यास जुने चामडे शिवणीजवळ फाटते. शंका असेल तेव्हा मोठे माप घ्यावे.

घेर जुळूनही हॅट बसत नसेल, तर डोक्याचा आकार कारणीभूत असतो. काहींचे डोके पुढून मागे लांबट असते, काहींचे गोलसर. लांबट डोक्याला नेहमीच्या अंडाकृतीची हॅट कपाळावर आणि मागे दाबते, पण दोन्ही बाजूंना सैल राहते. जुन्या अमेरिकी हॅट्सच्या चिठ्ठीवर कधी कधी ‘लाँग ओव्हल’ असा शिक्का असतो. असे डोके असलेल्यांनी तो आवर्जून शोधावा. साडेसात आणि त्यापुढील मापे कमी सापडतात, म्हणून ती महाग असतात.

३. जवळ ठेवायची साधने आणि कागदपत्रे

- कापडी टेप, भिंग आणि एक प्रखर विजेरी
- घोड्याच्या केसांचे दोन मऊ ब्रश: एक गडद हॅट्ससाठी, एक फिक्या हॅट्ससाठी
- चोचीतून वाफ देणारी साधी किटली
- लाकडी हॅट-स्ट्रेचर (ताणण्यासाठी कमी आणि आटू नये म्हणून जास्त उपयोगी)
- मापासाठी फेल्टच्या किंवा फोमच्या पट्ट्या
- चामड्याला लावायचे रंगहीन कंडिशनर
- आम्लरहित पातळ कागद, पुठ्ठ्याची खोकी, सिलिका जेलच्या पुड्या
- नायट्राइलचे हातमोजे
- परदेशातून कुरियरने मागवायचे असल्यास ओळख पडताळणीसाठी पॅन किंवा आधार, विक्रेत्याचे बिल, पैसे भरल्याची पावती आणि विक्रीच्या वेळच्या छायाचित्रांच्या प्रती

४. हॅटचे भाग आणि फेल्टचा दर्जा ओळखायला शिका

डोक्यावर येणारा उंच भाग तो क्राउन, भोवतालचा काठ तो ब्रिम. दोघांच्या सांध्यावर बाहेरून रिबन असते आणि पुरुषांच्या हॅटमध्ये तिची गाठ डाव्या बाजूला येते. आतून त्याच सांध्यावर चामड्याची पट्टी शिवलेली असते, तिला स्वेटबँड म्हणतात. तिचा जोड मागच्या बाजूला असतो, त्यावरून पुढचे-मागचे ओळखावे. वर सॅटिनचे अस्तर असते किंवा नसतेही. अस्तर नाही म्हणून हॅट हलक्या दर्जाची ठरत नाही, कारण उन्हाळी वजनाच्या उत्तम हॅट्स मुद्दामच बिनअस्तराच्या केल्या जात.

काठाची कड कशी संपवली आहे हे पाहण्यात विशेष गंमत आहे. कधी ती नुसती कापलेली असते, कधी रिबनने बांधलेली, कधी दुमडून शिवलेली. या सर्वांत कौशल्याची कड म्हणजे कॅव्हनॉ कड: इथे काठ दुमडून, टाका न घालता, फेल्टमध्येच फेल्ट मिसळवून जाड गोट तयार केलेला असतो. कॅव्हनॉ, डॉब्ज आणि नॉक्स या नावांच्या हॅट्समध्ये ती आढळते. भिंगातून पाहूनही टाका दिसला नाही, तर हॅट बऱ्याच वरच्या दर्जाची आहे असे समजावे.

फेल्ट विणलेले नसते. गरम पाणी आणि दाब यांनी तंतू एकमेकांत अडकवून ते घट्ट केलेले असते. ते दोन प्रकारचे असते. ससा, हेअर (रानससा), बीव्हर, न्यूट्रिया (बीव्हरसारखाच एक प्राणी) यांच्या अंगालगतच्या मऊ लवीचे ते फर फेल्ट, आणि मेंढीच्या लोकरीचे ते वूल फेल्ट. फर फेल्ट पातळ असूनही दाट असते, बोटांनी चिमटा घेतला तर तो चिमटा धरून ठेवते, आणि हलका पाऊस सोसते. वूल फेल्ट जाडसर, किंचित खरखरीत असते आणि भिजल्यावर आटते. चांगली जुनी शहरी फेडोरा हातात घेतल्यावर अनपेक्षितपणे हलकी लागते; शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या आसपासच्या पुष्कळ सापडतात. ‘व्हिंटेज स्टाइल’ असे लिहून विकल्या जाणाऱ्या बहुतेक हॅट्स नव्या आणि लोकरी असतात, त्यामुळे जाहिरातीतला तो एक शब्द नीट वाचावा.

अमेरिकी हॅट्सवरील ‘३एक्स’, ‘५एक्स’ या फेल्टचा दर्जा दाखवणाऱ्या खुणांवर विसंबून किंमत ठरवू नये. प्रत्येक कंपनीचा मापदंड वेगळा होता आणि काळाबरोबर तो फुगतही गेला, म्हणून जुनी तीन एक्सची हॅट आजच्या कितीतरी अधिक एक्सच्या हॅटपेक्षा सरस निघू शकते.

५. वय ठरवा, पण एका खुणेवर नव्हे

विक्रेते ‘१९४० च्या दशकातील’ असे सर्रास लिहितात, कारण तो काळ खपतो. खरे वय बहुधा स्वेटबँडच्या मागे दडलेले असते. पट्टी हलकेच उलटून आतल्या कागदी चिठ्ठ्या पाहाव्यात. त्या चुकूनही काढू नयेत, कारण हॅटचा जन्मदाखला तोच असतो.

अमेरिकी हॅटमध्ये कामगार संघटनेची छोटी चिठ्ठी मिळते. ‘युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका’ ही संघटना १९३४ साली टोप्या आणि स्त्रियांच्या हॅट्स बनवणाऱ्या कामगारांच्या संघटनेत विलीन झाली आणि चिठ्ठीवरचे नाव लांबले. त्यामुळे चिठ्ठीवर ‘कॅप अँड मिलिनरी वर्कर्स’ हे शब्द असतील तर हॅट १९३४ नंतरची, हे निश्चित. दुसरी उपयुक्त खूण म्हणजे दुकानाचा किंवा खोक्यावरचा पत्ता. अमेरिकेत मोठ्या शहरांच्या नावापुढे एक-दोन अंकी टपाल विभाग लिहिण्याची पद्धत १९४३ मध्ये आली आणि पाच अंकी झिप कोड १९६३ मध्ये. पाच अंकी कोड छापलेली हॅट कुणी ‘युद्धपूर्व’ म्हणून विकत असेल, तर पुढे बोलण्याची गरज नाही.

कारखान्यांचा इतिहासही कामी येतो. जॉन बी. स्टेटसन यांनी १८६५ मध्ये फिलाडेल्फियात सुरू केलेल्या व्यवसायाचा तिथला कारखाना १९७१ मध्ये बंद पडला. त्यानंतरच्या स्टेटसन हॅट्स इतरत्र, परवान्याखाली तयार झाल्या आहेत. कनेटिकटमधील डॅनबरी हे हॅट्सचेच शहर होते, आणि तिथली मॅलरी कंपनी १९४६ मध्ये स्टेटसनने घेतली. आजच्या चेक प्रजासत्ताकातील मोराव्हिया प्रांतातल्या ह्युकेल कंपनीच्या हॅटवर नॉयटिचाईन हे गावाचे जर्मन नाव असेल तर ती सहसा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपूर्वीची असते, कारण त्यानंतर गाव नोव्ही यिचिन या चेक नावानेच ओळखले गेले आणि कारखान्याचे राष्ट्रीयीकरण झाले. इटलीतील आलेस्सांद्रियाची बोर्सालिनो १८५७ पासूनची आहे, मात्र ते नाव आजही चालू असल्यामुळे केवळ नावावरून काहीच सिद्ध होत नाही.

काठाची रुंदी ही ढोबळ खूण आहे: १९४० च्या दशकात दोन ते पावणेतीन इंचांचे काठ आणि रुंद रिबन सामान्य होती, १९६० च्या सुमारास काठ दोन इंचांच्याही खाली आले. तेव्हा हॅट घालण्याची प्रथाच ओसरू लागली होती. त्याचे खापर अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर फोडण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात २० जानेवारी १९६१ च्या शपथविधीला ते टॉप हॅट घेऊनच आले होते, आणि हॅट्सचा खप त्याच्या बराच आधीपासून घसरत होता.

६. विक्रेत्याला प्रश्न विचारा

पुढील छायाचित्रे मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत: चारही बाजू, माथा वरून, काठ खालून, स्वेटबँड पूर्ण फिरवून, पट्टीमागील चिठ्ठ्या, अस्तर, आणि विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून घेतलेले फेल्टचे जवळचे छायाचित्र. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे, कारण कसरीने वरवर कुरतडलेले खळगे समोरच्या उजेडात दिसतच नाहीत. हॅट आतून उजेडासमोर धरायला सांगावे. टाचणीएवढा उजेड आला तरी आरपार छिद्र आहे.

कोणते दोष चालतात आणि कोणते नाहीत, हे आधी मनाशी ठरवावे. धूळ, चुरगळलेला आकार, सैल झालेली रिबन, मळलेले अस्तर हे दोष घरी किंवा थोड्या खर्चात सुटतात. वरवरचे कसरीचे खळगे घालायच्या हॅटमध्ये चालवून घ्यावेत, पण त्यासाठी किंमत कमी झाली पाहिजे. स्वेटबँड कोरडी पडून शिवणीवर पापडासारखी तुटत असेल, तर ती बदलावी लागते आणि भारतात ते काम करणारा कारागीर मिळणे कठीण आहे. माथ्यावरील चिमट्याच्या टोकाला पडलेली चीर हा दोष भरून येत नाही. हॅट काठाला न धरता चिमट्यातच धरून उचलत राहिल्याने जुने फेल्ट तिथे तुटते.

वासाविषयीही विचारावे. बुरशीचा कुबट वास आणि तंबाखूचा वास हे दोन्ही हवेवर ठेवून कमी होतात, पण बुरशीचे डाग बहुधा राहतात.

७. मागवण्याचा मार्ग निवडा

इथे नवखे सर्वाधिक अडकतात. भारताच्या परकीय व्यापार धोरणात भांडवली सामग्री वगळता इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित गटात मोडते. त्यामुळे परदेशातून थेट मागवलेले जुन्या हॅटचे पार्सल कस्टम्समध्ये अडू शकते, आणि सुटले तरी शुल्क, कुरियरचा हाताळणी आकार आणि कर मिळून रक्कम हॅटच्या किमतीच्या बरोबरीला येऊ शकते. विक्रेत्याला पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहायला किंवा किंमत कमी दाखवायला मुळीच सांगू नये; ते खोटे निवेदन ठरते, आणि पार्सल हरवले तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते.

माझ्या मते सर्वांत सोपा मार्ग नात्यागोत्याचा आहे. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात किंवा लंडनमध्ये आपले कुणी असेल, तर देशांतर्गत टपालाने हॅट त्यांच्या घरी मागवावी. त्यांनी ती उघडून छायाचित्रे पाठवावीत, म्हणजे परत करण्याची मुदत हातात असते, आणि येताना ती डोक्यावर घालूनच यावे. सामानाच्या बॅगेत हॅट कधीही भरू नये. विमानात ती वरच्या कप्प्यात सर्व सामान लागल्यानंतर, माथा खाली करून ठेवावी, नाहीतर शेजाऱ्याची बॅग तिच्यावर येतेच.

भारतातील खरेदीला मर्यादा आहेत. मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीट आणि पुण्याचा जुना बाजार इथे फेल्ट हॅट क्वचित दिसते आणि ती बहुधा दमट हवेने खराब झालेली असते. सोला हॅट मात्र तुलनेने मिळते. हातात घेऊन पाहायला मिळते हा तिथला मोठा फायदा, त्यामुळे अभ्यासासाठी जरूर जावे.

८. हॅट घरी आल्यावर: आधी वेगळी ठेवा, मग स्वच्छ करा

नवी आलेली हॅट लगेच इतर हॅट्सच्या शेजारी किंवा लोकरी कपड्यांच्या कपाटात ठेवू नये. कसरीची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. हॅट पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावी आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी; बाहेर काढल्यावर ती पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, अन्यथा फेल्टवर पाणी सुटते. रेशमी टॉप हॅटवर आणि लाखेच्या कडक हॅटवर हा उपाय करू नये.

आता एक गंभीर सूचना. पूर्वी लवीचे तंतू एकमेकांत लवकर अडकावेत म्हणून त्यांना मर्क्युरिक नायट्रेट लावत. त्या पाऱ्याच्या वाफांमुळे हॅट कामगारांना कंप सुटे. डॅनबरीत त्या आजाराला गावाचेच नाव पडले होते. अमेरिकेत डिसेंबर १९४१ मध्ये हा वापर थांबवण्यात आला, पण इतर देशांतील हॅट्सच्या बाबतीत त्या तारखेवर विसंबू नये. म्हणून युद्धपूर्व हॅट हाताळताना हातमोजे घालावेत, तिला वाफ उघड्या गच्चीत किंवा वाहत्या हवेत द्यावी, फेल्ट घासू किंवा कापू नये, आणि ती लहान मुलांच्या हाती देऊ नये. फार जुनी हॅट घालण्याऐवजी संग्रहातच ठेवलेली बरी.

स्वच्छतेचा क्रम असा. प्रथम मऊ ब्रशने, वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, लव बसेल तसे झटकावे. तेलाच्या डागावर मक्याचे पीठ टाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी झटकावे. आकार देण्यासाठी किटलीच्या वाफेपासून वीतभर अंतरावर हॅट काही सेकंदच धरावी, फेल्ट मऊ झाले की बोटांनी खाच आणि चिमटा घडवावा आणि थंड होईपर्यंत तसाच धरावा. त्याआधी स्वेटबँड बाहेर उलटून वाफेपासून दूर ठेवायला विसरू नये. वाफ लागलेले चामडे क्षणात आखडते आणि पूर्ववत होत नाही. कोरड्या पट्टीला कंडिशनरचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल तेल वापरू नये, ते पाझरून फेल्टवर आणि रिबनवर कायमची काळी रेघ उमटवते. याच कारणाने डोक्याला तेल लावलेल्या दिवशी हॅट घालू नये.

९. घालताना

हॅट कानांवर टेकता कामा नये आणि वाऱ्याच्या झुळकीने उडताही कामा नये. कपाळावर लाल वळ उमटत असेल तर ती घट्ट आहे. काठाची रुंदी चेहऱ्याच्या आणि खांद्यांच्या मानाने निवडावी. लहानखुऱ्या चेहऱ्यावर पावणेतीन इंची काठ छत्रीसारखा दिसतो. काठ पुढे किंचित खाली, मागे वर, आणि हॅट एका बाजूला जराशी कलती एवढे पुरे. सर्व पोशाख त्याच काळातला करण्याचा मोह आवरावा, नाहीतर माणूस नाटकाच्या तालमीहून आल्यासारखा दिसतो. साधा शर्ट, नीट पँट आणि हॅट हे चांगले जमते.

उचलताना काठाला पुढून-मागून दोन्ही हातांनी धरावे. टेबलावर ठेवताना माथा खाली करून ठेवावी, म्हणजे काठ सपाट होत नाही. हॅट घराच्या आत काढण्याचा युरोपीय रिवाज आणि आदरासाठी डोके झाकण्याचा आपल्याकडचा जुना रिवाज परस्परविरुद्ध आहेत. देवळात किंवा वडीलधाऱ्यांच्या घरी गांधी टोपी शोभते म्हणून फेल्ट हॅटही चालेल असे समजू नये, ती काढून हातात घ्यावी. नाट्यगृहात मागे बसलेल्यांचा विचार करून काढावी, हे सांगायला नकोच. दुचाकीवर हेल्मेटच घालायचे असल्याने हॅटची सोय आधी करावी, आणि ती आकड्याला लटकवून तर मुळीच नेऊ नये.

हवामानाचा विचार मोकळेपणाने करावा. पुण्या-नाशकाकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळ-संध्याकाळी फर फेल्ट सुखाची असते. मुंबई, कोकण आणि गोव्यात ती वर्षातले थोडेच दिवस सोसते. तिथे खरोखर उपयोगी पडते ती पनामा. तिची निगा वेगळी असली तरी मापाचे नियम हेच आहेत. फेल्ट हॅट पावसात भिजली तर पाणी झटकून, स्वेटबँड बाहेर उलटून, त्या पट्टीवरच हॅट उभी करून सावलीत वाळवावी. केस वाळवण्याचे यंत्र, इस्त्री आणि ऊन हे तिन्ही वर्ज्य.

१०. पावसाळ्यातील साठवण

जून ते सप्टेंबर या काळात हॅट्सचे सर्वाधिक नुकसान होते, आणि ते आपण काळजी घेतो आहोत असे वाटत असतानाच होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडला जाऊन बुरशी धरते. पुठ्ठ्याच्या खोक्यात आम्लरहित कागदाचा सैल बोळा क्राउनमध्ये भरून, काठाला टेकू मिळेल अशी ती ठेवावी. एकात एक हॅट बसवू नये. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी वाळवून घ्याव्यात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे.

डांबराच्या गोळ्यांचा वास फेल्टमध्ये असा मुरतो की हॅट घालणे नकोसे होते. शिवाय त्यांची वाफ बंद खोलीत आरोग्याला चांगली नाही. वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, तिने कसर थोडीफार दूर राहते, पण आत अळी असेल तर तिचा काही उपयोग होत नाही; त्यासाठी फ्रीझरच हवा. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे दर पंधरवड्याला खोके उघडून हॅट बाहेर काढणे, ब्रश फिरवणे आणि तासभर पंख्याखाली ठेवणे. कसरीला अंधार आणि स्वस्थता लागते.

११. नोंदवही

दुसरी हॅट घेतली की नोंदवही सुरू करावी. प्रत्येक हॅटला क्रमांक द्यावा आणि तो खोक्यावर लिहावा, हॅटवर नाही. कंपनी, दुकानाचे नाव, चिठ्ठीवरचे माप व प्रत्यक्ष माप, काठाची रुंदी, वयाचा पुरावा, दिलेली एकूण किंमत आणि केलेली दुरुस्ती यांची नोंद ठेवावी. रिबन किंवा अस्तर बदलले असेल, तर काढलेला मूळ तुकडा पाकिटात त्याच क्रमांकाने जपावा. पुढे हॅट विकायची किंवा बदल्यात द्यायची वेळ आली, तर हे पाकीट आणि दुरुस्तीची नोंद घेणाऱ्यासमोर आधीच ठेवावी.